आडोसा

थोरला शेडच्या पत्र्यावरून घसरून पडला आणि उजवा खांदा मोडून बसला, तो नेमका बटाटा काढणीच्या तोंडावर. दोघा भावांचं रान एकत्र, घरं भिंतीला भिंत लागून आणि ट्रॅक्टर एकच. ट्रॅक्टरमागं काढणीचं यंत्र जोडून ते सरळ तासातून, म्हणजे बटाट्याच्या सरीतून, चालवायचं काम आजवर थोरल्याचं होतं. धाकटा मोटरी, पाइप, फवारणी बघायचा. स्टिअरिंगवर त्याचा हात कच्चा होता, पण तसं तो मरेपर्यंत कबूल करणार नव्हता.

"मी चालवीन की," गळ्यात हात बांधून घरी आलेल्या भावाला तो म्हणाला.

"तू? गेल्या वर्षी दोन तासं दिली होती तुला. निम्मा माल कापून ठेवलास."

"मग बाहेरचा ड्रायव्हर आणू."

"सगळ्यांचीच काढणी एकदम आलीय. कोण रिकामा बसलाय आपल्यासाठी?"

थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, दारात बसून पाटीची तुटलेली कड तारेनं शिवत होती. तिनं तार दातांनी पिरगळली आणि म्हणाली, "मी चालवते."

दोघे भाऊ तिच्याकडं वळले. धाकटी, म्हणजे तिची जाऊ, आतून टाळी वाजवून म्हणाली, "ताई, बसाच तुम्ही!"

थोरलीला ट्रॅक्टर नवा नव्हता. लग्नानंतर नवऱ्यानंच शिकवला होता. भरलेली ट्रॉली एका दमात उलटी शेडमध्ये घालणारी ती एकटीच होती आसपासच्या बायकांत. पण काढणीचं यंत्र तिच्या हाती कधी आलं नव्हतं. वर्षानुवर्षं ती त्याच्यामागं पाटी घेऊन चालत आली होती, आणि दरवर्षी जमीन उकलून बटाटे वर यायला लागले की तिला लहान पोरीसारख्या उड्या माराव्याशा वाटायच्या. आता ते यंत्र तिच्या हुकमात येणार होतं. थोरला बांधलेल्या हातानं, मोडक्या खांद्यानं, पण तोंडानं अखंड शिकवत राहिला. फाळ किती खोल, गिअर कोणता, वळताना यंत्र कधी उचलायचं. ती "हो, हो, कळलं" म्हणत होती आणि तिचे पाय आतल्या आत क्लच दाबत होते.

नमुन्याची काढणी म्हणून सकाळी रानाच्या कडेची काही तासं घेतली. तिनं लिव्हर खाली दाबला, फाळ जमिनीत शिरला, ट्रॅक्टर जरा कण्हला आणि पुढं सरकला. मागं वळून बघितलं तर काळी माती यंत्राच्या साखळीवरून चाळून खाली पडत होती आणि पिवळेधमक बटाटे तिच्यावर ओळीनं येऊन बसत होते. एकही कापलेला नाही! बांधावरून थोरला ओरडला, "अस्सं! अस्सं!" बटाटे वेचायला लावलेल्या टोळीतल्या बायका पाट्या घेऊन धावल्या. थोरलीला मोठ्यानं हसू आलं, इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या तासाच्या निम्म्यावर तिला लघवीला जावंसं वाटायला लागलं.

हे नवं नव्हतं. पाळी जाऊन तीनेक वर्षं झाली होती आणि तेव्हापासून खालच्या अंगाचं काहीतरी बिनसलं होतं. आधी नुसता कोरडेपणा. मग आग. चालताना कापड घासलं तरी चरचरायचं. शिंक आली की थेंब गळायचे. लघवी लागली की थांबायला सवड नाही, जाऊन बसावं तर चमचाभर व्हायची आणि तीही निखाऱ्यासारखी. मेडिकलवाल्यानं दरवेळी 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या तरी आग तिथंच. मग तिनं आपला उपाय काढला, पाणीच कमी प्यायचं. आणि आता ती लोखंडी सीटवर बसून ढेकळांवरून धक्के खात होती, प्रत्येक धक्का थेट दुखऱ्या जागेवर.

रान तळहातासारखं सपाट होतं. झाड नाही, झुडूप नाही. आडोसा म्हणजे पार टोकाची मोटरीची खोली. तिनं ट्रॅक्टर उभा केला, उतरली, तिकडं चालत गेली, आली. पुढच्या तासात पुन्हा. मग पुन्हा. मागं टोळी पाट्या टेकवून उभी राहायची. ट्रॉलीवर गोणी रचणाऱ्यांतला एकजण शेवटी बोललाच, "ड्रायव्हरीणबाईंचा रेडिएटर गळतोय वाटतं!"

पुरुष हसले. काही बायकाही हसल्या, पदराआड.

त्यानंतर ती उतरली नाही. दात आवळून बसली. तास संपत आलं असताना चाक खड्ड्यात गेलं, ट्रॅक्टर हिसकला आणि तिला सीटवर गरम ओल जाणवली. तिनं इंजिन बंद केलं. सगळे जेवायला सावलीकडं गेले तरी ती तशीच स्टिअरिंग धरून बसून राहिली. धाकटा येऊन म्हणाला, "वहिनी, उतरा. तुम्हाला झेपत नाही हे. काढणीला मीच बसेन." तिनं मान हलवली आणि तो जाईपर्यंत उठली नाही.

दुपारी धाकट्यानं तास घेतलं. चिरलेले बटाटे पांढरे डोळे वटारल्यासारखे मातीत पडत गेले. थोरल्यानं खाली वाकून एक चांगला बटाटा उचलला, अंगठा घासला. साल भरकन निघून आली.

"अजून साल धरली नाही," तो म्हणाला. "पाला कापून ठेवा. दोनतीन आठवडे जमिनीतच राहू दे, मग काढू."

कुणी मागितलं असतं तरी मिळालं नसतं असं ते सवडीचं दान होतं, पण त्या वेळी थोरलीला ते कळलं नाही.

धाकटीनं तिला न्हाणीघरात गाठलं. थोरली साबणानं घासघासून धूत होती आणि आगीनं रडत होती. धाकटीनं बाहेरूनच विचारलं, "ताई, काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही तर मग हुंदके कसले? मी आत येऊ का?"

"येऊ नकोस!"

"मग बोला."

दाराच्या अलीकडं एक, पलीकडं एक. थोरलीनं सांगायला सुरुवात केली ती चाचरत, आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं आलं. आग, थेंब, रक्ताचा एखादा ठिपका, नवरा जवळ आला की अंगावर काटा येतो तो. "मला वाटतं आत काहीतरी वाईट वाढलंय," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस."

"सांगणारच," धाकटी म्हणाली. "डॉक्टरला. उद्या सकाळी माझ्या गाडीवर बसा."

गाडीवर बसणं हीच एक शिक्षा होती. बाजाराच्या गावापर्यंत थोरली एका कुशीवर कलून, जावेच्या खांद्याला धरून गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलणं घाईचं पण कान पूर्ण दिलेला. थोरलीनं 'खाली जरा त्रास' एवढंच सांगितलं.

"काकू, 'जरा त्रास' या नावाचा आजार नाही माझ्याकडं. आग होते? कोरडं वाटतं? लघवीला घाई? संबंधांच्या वेळी दुखतं?"

थोरली जमिनीकडं बघत एकेका प्रश्नाला मान हलवत गेली. शेवटच्या प्रश्नाला धाकटी उठून बाहेर जायला लागली, तर थोरलीनंच तिचा हात धरून खाली बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हळू, प्रत्येक वेळी आधी सांगून. लघवी तपासायला पाठवली. रक्ताचा ठिपका दिसला होता म्हणून शेजारच्या खोलीत सोनोग्राफीही करून घेतली, गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला. स्तनाचा काही आजार कधी झाला होता का, तेही विचारलं; तसलं काही नव्हतं. सगळं बघून झाल्यावर खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"गाठ नाही. पिशवीचं अस्तर पातळ आहे, म्हणजे चांगलं आहे. नमुन्याचा रिपोर्ट येईल तेव्हा तोही सांगते. लघवीत जंतू नाहीत. मग तुम्ही गोळ्या कशाच्या खात होता?"

"मेडिकलवाला द्यायचा."

"बंद करा. ऐका आता. पाळी जाते तेव्हा शरीरातलं एक संप्रेरक आटतं. इस्ट्रोजेन म्हणतात त्याला. त्याच्या जिवावर योनीची कातडी जाड आणि ओलसर राहते, लघवीच्या नळीचीसुद्धा. ते आटलं की कातडी पातळ होते, सुकते, जरा घासलं की सोलवटते. म्हणून आग, म्हणून घाई, म्हणून तो ठिपका."

थोरलीला अंगठ्याखाली भरकन निघालेली ती साल आठवली. "म्हणजे सालच धरत नाही म्हणा की," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई जरा थबकल्या, मग खळखळून हसल्या. "तसंच समजा. पण तुमची धरेल. क्रीम देते. आधी दोन आठवडे रोज झोपताना आत लावायचं, मग आठवड्यातून दोनदा. पण लावत राहायचं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. आजच्या आज जादू होणार नाही, हळूहळू फरक पडेल. तोवर कोरडेपणाला हे वेगळं जेल. साबण अजिबात नाही, साधं पाणी. आणि पाणी प्यायचं."

"पाणी प्यायलं की जावं लागतं ना!"

"न प्यायल्यानं लघवी तीव्र होते आणि आणखी झोंबते. थोडं थोडं, दिवसभर. घाई आली की धावायचं नाही. उभं राहायचं, खालचे स्नायू आत ओढून धरायचे, घाईची लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. तो व्यायाम शिकवते आत्ता. पुन्हा रक्त दिसलं तर मात्र वाट न बघता यायचं."

"आणि ट्रॅक्टर?" थोरलीनं विचारलं. दवाखान्यात आल्यापासून हा पहिला प्रश्न तिनं मान वर करून विचारला होता.

"तुम्ही ट्रॅक्टर चालवता?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काढणीचं यंत्र!" धाकटी मध्येच म्हणाली. "एक बटाटा कापत नाहीत!"

"मग चालवा. सीटवर जाड गादी घाला, मध्ये खाच ठेवून. आणि जावं लागलं की जायचं. त्यात लाजायचं काय? इंजिन तापलं की तुम्ही पाणी घालायला थांबताच ना?"

परतताना थोरली पुन्हा एका कुशीवर कलूनच बसली होती, दुखत तेवढंच होतं. पण रस्ताभर ती बोलत होती. "गाठ नाही म्हणाली! ऐकलंस ना तू? गाठ नाही! आणि चालवा म्हणाली!" धाकटीनं वळणावर गाडी थांबवली, दोघी उतरल्या, रस्त्याच्या कडेला उभं राहून वेड्यासारख्या हसल्या आणि मग थोरलीनं बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं.

नवऱ्याला सांगणं डॉक्टरला सांगण्याहून अवघड होतं. तो शेडसमोर डाव्या हातानं नटांना ग्रीस लावायची धडपड करत होता. तिनं डबा हातातून घेतला आणि स्वतः लावता लावता, त्याच्याकडं न बघता, सगळं सांगून टाकलं.

त्यानं ग्रीसचा हात फडक्याला पुसला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला मीच नकोसा झालो."

"काय?"

"तू पाठ करून झोपायचीस. मी म्हटलं, झालं असेल मन उतरलेलं. म्हणून विचारलं नाही."

"अहो, दुखायचं म्हणून. सुरी फिरवल्यासारखं."

"सांगायचंस की गं."

"तुम्ही विचारायचं होतं की."

मग थोरला उठला, घरातून त्याच्या बसायच्या खुर्चीची जाड फोमची गादी घेऊन आला आणि डाव्या हातानं सुरी धरून तिला मधोमध खाच पाडायला लागला. सुरी वाकडी जात होती. तिनं गादी धरली, त्यानं कापली. सीटवर ठेवून "बस बघू" म्हणाला. ती बसली.

"कसं आहे?"

"राजेशाही!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तो खांदा दुखेपर्यंत हसला.

बटाटे जमिनीत साल धरत होते तसे थोरलीचे दिवस पालटत गेले. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, उलट क्रीमनं चरचरलं, आणि ट्यूब फेकून द्यावीशी वाटली. धाकटी रोज भिंतीपलीकडून ओरडायची, "ताई, पाणी!" मग एका सकाळी ती उठली, गेली, आली, भांडी घासायला बसली आणि निम्म्यात थांबली. आग झालीच नव्हती. नाही म्हणजे होती, पण निखारा नव्हे, राख. तिनं राखेचा हात तसाच हवेत धरून आरोळी ठोकली, धाकटी धावत आली, "काय झालं, काय झालं?"

"काही झालं नाही! काहीच झालं नाही!"

नमुन्याचा रिपोर्टही चांगला आला. काढणीचा दिवस ठरला तेव्हा आकाश भरून यायला लागलं होतं. रेडिओवर मोठ्या पावसाचा इशारा होता. पाणी साठलं तर सगळा माल जमिनीतच सडणार. धाकटा पहाटेच ट्रॅक्टरवर चढून बसला होता.

"उतरा, भावोजी," थोरली म्हणाली.

"वहिनी, आज खेळ नाही. मध्ये मध्ये थांबायला वेळ नाही आपल्याला."

"थांबणार. मला लघवीला जावं लागतं, वारंवार जावं लागतं, आणि मी जाणार. तरी तुमच्यापेक्षा लवकर रान संपवीन. उतरा."

इतकं सरळ कुणी त्याच्याशी कधी बोललं नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला आणि उतरला. थोरलीनं ट्रॉलीतून चार बांबू आणि ताडपत्री काढली. रानाच्या मधोमध, मोकळ्या जागी, तिनं आणि धाकटीनं ती उभी केली. पहारीनं खड्डा घेतला, कडेला मातीचा ढीग, एक बादली पाणी.

"हे काय?" रेडिएटरवाला म्हणाला.

"आडोसा," थोरली म्हणाली. "बायकांचा. तुम्ही तिकडं जायचं नाही."

टोळीतली सगळ्यात वयस्कर बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. ती पाटी खाली ठेवून पुढं आली, ताडपत्री हलवून बघितली, आत डोकावली. "पोरी," ती म्हणाली, "अख्खं आयुष्य रानात गेलं माझं. अंधार पडेपर्यंत धरून ठेवायचं, दुसरं काय. हे कुणाला सुचलं नाही होय गं आजवर?" आणि सगळ्यांच्या देखत, पदर खोचून, ती पहिली आत गेली. बाहेर आली तेव्हा बायकांची ओळ लागली होती. ओळीत बोलणं सुरू झालं होतं. तुलाही आग होते का? मला तर शिंकेला भीती वाटते. कुठली डॉक्टर म्हणालीस? थोरली सीटवर चढता चढता ओरडली, "सगळ्यांना घेऊन जाते, आधी बटाटे काढा!"

मग सुरू झालं ते काही औरच होतं. फाळ जमिनीत गेला आणि ती सुटलीच. मागं माती उकलत होती, बटाटे वर येत होते, घट्ट सालीचे, अंगठा घासला तरी न सोलणारे. वारा उलटसुलट वाहत होता, ढगांच्या सावल्या रानावरून पळत होत्या. बायका ज्या एरवी दोन पाट्यांनंतर कंबर धरायच्या, त्या आज एकमेकींशी पैज लावून वेचत होत्या. थोरला बांधावरून बोटानं खुणा करत होता. घाई आली की थोरली क्लच दाबायची, श्वास घ्यायची, खालचे स्नायू आत ओढून धरायची. लाट यायची, जायची. कधी ओसरायची, कधी नाही. नाही ओसरली की इंजिन चालू ठेवून उतरायची, चालत आडोशात जायची, चालत यायची. कुणी हसलं नाही. तेवढ्या वेळात मागची टोळी तास वेचून तिला गाठायची, उलट तिलाच हाक मारायची, "बाई, चला, आम्ही आलो!"

दुपार कलली तशी धाप लागायला लागली. बसून बसून अंग दुखायला लागलं, गादीसुद्धा दगड झाली. एका वळणावर आग पुन्हा उसळली आणि क्षणभर तिला वाटलं, झालं, आता उतरावं. धाकटा पाण्याची कळशी घेऊन आला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, पाणी प्या. डॉक्टरनं सांगितलंय म्हणे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मधली भिंत पातळ आहे," तो म्हणाला, आणि तोही हसला.

शेवटचं तास संपलं तेव्हा पहिले थेंब पडत होते. ट्रॉली शेडकडं पळाली. पुरुष, बायका, धाकटा, धाकटी, हातात गोण्या, डोक्यावर पाट्या, सगळे एकाच दिशेनं धावत होते. थोरलीनं यंत्र उचललं आणि रिकाम्या रानातून ट्रॅक्टर टॉप गिअरला घातला. पाऊस तोंडावर येत होता. ती गात होती. काय गात होती ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. शेडमध्ये शेवटची गोणी आत पडली आणि आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला.

काढणीला महिना झाला, थोरल्याचा हात गळ्यातून सुटला. तोवर थोरलीनं शेजारच्या तीन उंचावरच्या, पाणी न साठणाऱ्या रानांची काढणी केली होती आणि बायकांना दोन खेपांत दवाखान्यात नेऊन आणलं होतं. एका दुपारी पुन्हा पाऊस लागला, कामं थांबली, पोटभर जेवणं झाली. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. थोरली उठली आणि तिनं दाराला कडी घातली.

"आता? दुपारी?" थोरला उठून बसला.

"मग? बटाटे आत आलेत. तुमचा हात बरा झालाय."

तिनं फडताळातून जेलची ट्यूब काढली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली, जणू यंत्राचा नवा भाग. "दुखलं तर?"

"दुखलं तर सांगेन. थांबायचं."

"थांबेन."

"आणि घाई करायची नाही."

"मी कधी घाई केली?"

"बाई गं!" ती म्हणाली, आणि दोघंही तोंडावर हात दाबून हसत सुटली.

सगळं सावकाश झालं. मध्ये एकदा ती "थांबा" म्हणाली आणि तो थांबला, श्वाससुद्धा धरून. मग ती "हं" म्हणाली. सुरी नव्हती. थोडं ओढल्यासारखं, आणि मग तेही नाही. तिचे डोळे भरून आले तसा तो घाबरला. "दुखतंय?"

"नाही हो. दुखत नाहीये, म्हणून."

तेवढ्यात दारावर थाप पडली. धाकट्याचा आवाज. "वहिनी! ओ वहिनी! ट्रॅक्टरची किल्ली कुठंय? पलीकडच्या रानातून बोलावणं आलंय, मी जाऊन येतो!"

थोरल्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. थोरलीनं मात्र मान उचलून, पावसाच्या वर आवाज चढवून सांगितलं, "किल्ली माझ्यापाशी आहे, भावोजी! त्यांना म्हणावं, ड्रायव्हरीणबाई पाऊस थांबला की येतील!"